नदीवर सॅमन धरायला पहिल्यांदा जाताय? दोघं जा, रॉड एकच न्या

पहिल्यांदा सॅमनच्या मागे लागलेली माणसं आठवडाभर रॉड कुठला, रील कुठलं, आमिष चमकीचं घ्यावं की पिसांचं यातच डोकं घालून बसतात आणि सोबत कोण येणार ते आदल्या रात्री ठरवतात. माझं म्हणणं, हे उलटं करा. आधी माणूस ठरवा, मग सामान. आणि पहिल्या दुपारी दोघांत मिळून रॉड एकच न्या, हो, एकच. एक जण गळ टाकेल, दुसरा पाण्यावर नजर ठेवेल, मासा कुठे उसळला ते सांगेल, जाळी धरेल, नदी चढतेय का ते बघेल, वीसेक मिनिटांनी अदलाबदल. दोन रॉड नेलेत की दोघंही खाली मान घालून आपापला गुंता सोडवत बसणार आणि नदीकडे कोणीच बघणार नाही.

सोबती कसा हवा? मासेमारीत तरबेज नसला तरी चालेल. न बोलता अर्धा तास उभा राहू शकणारा, आणि "आता पुरे, बाहेर ये" म्हटल्यावर वाद न घालणारा असला की झालं.

आधी हे डोक्यात पक्कं करा: हा मासा भुकेला नाहीये

समुद्रात वाढलेला सॅमन अंडी घालायला नदीत परततो तेव्हा त्याचं खाणं जवळपास बंद होतं. अंगात साठवलेल्या चरबीवर तो वर चढत जातो. मग गळाला का लागतो? कधी चिडून, कधी जुन्या सवयीने, कधी आपल्या जागेत काहीतरी घुसलं म्हणून. नक्की कारण काय यावर लोक तासन्‌तास भांडतात, ते भांडू देत, आपल्यासाठी अर्थ एवढाच की आमिष किती चविष्ट दिसतं याला फार किंमत नाही, ते त्याच्या तोंडासमोरून, त्याच्या खोलीवरून, त्याला त्रास होईल इतक्या हळू गेलं पाहिजे. म्हणून एकाच जागी तेच तेच टाकत बसणं हा वेडेपणा नाही आणि संपूर्ण दुपार काहीच न लागणं हे अपयशही नाही, नदीवरच्या बहुतेक दुपारी तशाच जातात.

कुठला सॅमन आहे हेही माहीत हवं कारण नियम जातीनुसार बदलतात. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नद्यांत पाच जाती येतात: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. हे पाचही एकदा अंडी घातली की मरतात. अटलांटिक सॅमनचं तसं नाही, त्यातले थोडे वाचून परत समुद्रात जातात. चिनूक आणि कोहोमध्ये नवीन माणूस हमखास गोंधळतो, तर माशाचं तोंड उघडून बघायचं: चिनूकच्या हिरड्या काळ्या असतात आणि शेपटीच्या वरच्या खालच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके असतात, कोहोच्या हिरड्या फिकट आणि ठिपके फक्त वरच्या पाकळीवर. पिंकच्या पाठीवर आणि शेपटीवर मोठे लांबट डाग असतात. सॉकाय आणि चमला असे ठळक ठिपके नसतात, पण नदीत जरा दिवस काढले की सॉकायचं अंग लाल आणि डोकं हिरवं होतं, आणि चमच्या अंगावर उभे जांभळट पट्टे उमटतात. हे ओळखायचं काम सोबत्याला द्या, ज्याच्या हातात थरथरणारा रॉड आहे त्याला हिरड्यांचा रंग दिसत नाही.

कागदपत्रं, आणि तीही त्याच दिवशी सकाळी परत बघायची

कंटाळवाणं आहे पण टाळता येत नाही. रॉड एक असला तरी तो दोघं आळीपाळीने धरणार असाल तर परवाना दोघांकडे हवा, बहुतेक ठिकाणी असंच आहे. स्कॉटलंडमध्ये रॉडचा सरकारी परवाना लागत नाही पण नदीच्या त्या पट्ट्याचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याची परवानगी लागते, आणि रविवारी सॅमनची मासेमारी बंद. इंग्लंडमध्ये परवाना तर लागतोच, वर हंगाम संपल्यावर किती मासे मिळाले ते कळवावं लागतं, शून्य मिळाले असतील तरी. नॉर्वेत सरकारी शुल्क वेगळं आणि त्या नदीचं कार्ड वेगळं. वॉशिंग्टन राज्यात मासा ठेवला की तिथेच, लगेच, कार्डावर शाईने नोंद करायची, घरी जाऊन लिहितो म्हणालात तर तो गुन्हा. जपानमध्ये नदीतला सॅमन धरायलाच साधारण बंदी आहे, विशेष परवानगीच्या काही जागा सोडल्या तर.

आणि नदी अचानक बंद होते हे लक्षात असू दे. २०२४च्या जूनमध्ये नॉर्वेने मासे फारच कमी आले म्हणून हंगाम सुरू असताना ३३ नद्या बंद केल्या. कॅलिफोर्नियात २०२३ आणि २०२४ ही दोन्ही वर्षं सॅमनची मासेमारी बंद होती. म्हणजे मागच्या वर्षी कोणी काय केलं ते ऐकून निघू नका, निघायच्या दिवशी सकाळी अधिकृत नियम उघडून वाचा.

वाचताना एवढं शोधायचं: कुठली जात ठेवता येते, किती, काय लांबीची, गळ एकेरी हवा का, टोकामागचा उलटा काटा नसलेला हवा का (कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या नद्यांत एकेरी आणि काटा नसलेलाच लागतो), आमिष म्हणून गाभोळी चालते का, आणि पाठीवरच्या छोट्या पराचं काय. हा शेवटचा मुद्दा नवीन लोकांना माहीत नसतो. पाठीवर मोठ्या पराच्या मागे, शेपटीजवळ, एक छोटा मांसल पर असतो. मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेल्या बऱ्याच पिल्लांचा तो पर कापलेला असतो, तिथे नुसता बरा झालेला वण दिसतो. पॅसिफिककडच्या बऱ्याच नद्यांवर वण असलेलाच मासा ठेवता येतो आणि पर शाबूत असेल तर तो नदीत जन्मलेला समजून सोडायचा.

सामान, थोडक्यात

स्पिनिंगचा रॉड साडेआठ ते साडेनऊ फूट, मध्यम ते थोडा जड. रील ३००० किंवा ४००० आकाराचं, ब्रेक गुळगुळीत चालणारा. त्यावर २० ते ३० पौंडांची विणलेली दोरी आणि पुढे चार-पाच फूट १२ ते २० पौंडांची पारदर्शक दोरी. मध्ये एक चांगली फिरकी कडी लावा नाहीतर फिरणारं आमिष तासाभरात सगळ्या दोरीला पीळ घालून ठेवेल. आमिषं दोन-तीन प्रकारची पुरेत: १५-२० ग्रॅमचे चमचे (चमच्यासारखी चमकती पत्र्याची आमिषं), ३ ते ५ नंबरचे स्पिनर (फिरत्या पात्याचे), आणि कोहो असतील तर पिसांचे जिग (डोक्याशी वजन असलेले गळ). गढूळ पाण्यात मोठं आणि भडक (केशरी, गुलाबी, पोपटी), स्वच्छ उथळ पाण्यात छोटं आणि काळपट. याहून खोलात पहिल्या दिवशी जाऊ नका. फ्लायची, म्हणजे पिसं-दोऱ्यांच्या हलक्या नकली किड्याची, मजा वेगळी आहे पण दोन्ही हातांनी टाकायचा तेरा-चौदा फुटी रॉड पहिल्याच दुपारी हातात घेतलात तर दुपार कानामागच्या केसांत अडकलेला गळ सोडवण्यात जाईल.

गळाचा काटा पकडीने दाबून सपाट करा, नियम नसला तरी. मासा सोडायला सोपं जातं आणि तो गळ कधी ना कधी तुमच्या किंवा सोबत्याच्या बोटात जाणारच आहे, तेव्हा आठवण येईल. बोटात घुसलाच, तर नुसती दांडी धरून ओढायची नाही. गळाच्या वळणात मजबूत दोरीचा फास अडकवायचा, दुसऱ्याने दांडी त्वचेकडे खाली दाबून धरायची आणि दोरीला एकच जोरदार झटका, जिकडून घुसला त्याच दिशेने मागे. हे एकट्याला एका हाताने जमत नाही. डोळ्याजवळ किंवा सांध्यात खोल गेला असेल तर हात लावू नका, झाकून सरळ डॉक्टरकडे.

म्हणूनच चष्मा. पोलराइज्ड चष्मा दोघांनाही हवा, डोळे वाचतात आणि पाण्यावरची चकाकी मरते त्यामुळे खालचे मासे दिसतात. शिवाय रबरी विणीची मोठी जाळी (गाठी असलेली नायलॉनची नको, खवले आणि पर सोलून काढते), लांब पकड, शिट्टी, पाण्यापासून वाचवलेला फोन, एकाच्या बॅगेत कोरडे कपडे. अस्वलांच्या मुलखात असाल तर मिरचीचा फवारा, आणि तो बॅगेत नाही, पट्ट्याला, हाताशी.

निघायच्या आधी एक काम दोघांनी मिळून करा: ब्रेक लावणं. दोरीच्या टोकाला छोटा स्प्रिंगचा वजनकाटा बांधा, सोबत्याने तो ओढायचा आणि दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव भागावर रील दोरी सोडायला लागलं पाहिजे. १६ पौंडांची दोरी असेल तर चार पौंडांवर. अंदाजाने लावलेला ब्रेक नेहमी जास्तच घट्ट असतो.

दुपार का, आणि कुठली दुपार

उन्हाळ्यात ऊन डोक्यावर असताना स्वच्छ उथळ पाण्यातला सॅमन खोल डोहात किंवा झाडाच्या सावलीत जाऊन गप्प बसतो, तेव्हा एक-दोन वाजता पोचून फार आशा धरू नका, हा वेळ नदी बघण्यात घालवा आणि खरी मेहनत शेवटच्या दोन तासांसाठी ठेवा. वसंतात किंवा हंगामाच्या शेवटी थंडीत मात्र दुपारच बरी, पाणी एखाद-दोन अंशांनी तापतं आणि मासा जरा हलतो. ढगाळ दिवस असेल तर देव पावला.

सगळ्यात चांगली वेळ घड्याळात नसते, पाण्यात असते. पाऊस पडून नदी चढली की नवे मासे वर येतात, आणि पाणी उतरायला लागून गढूळचं हिरवट झालं, गुडघाभर पाण्यात पाय अंधुक दिसायला लागले, की जायचं. समुद्राजवळच्या भागात असाल तर भरतीचं वेळापत्रक बघा, भरतीबरोबर मासे आत शिरतात.

दुसरीकडे पाणी फार तापलं असेल तर थांबायचं. थर्मामीटर न्या. २० अंशांच्या आसपास पाणी गेलं की त्यात प्राणवायू कमी होतो आणि दमलेला मासा सोडला तरी मरतो. तुम्हाला तो पोहत गेलेला दिसतो, नंतर काय झालं ते दिसत नाही.

आणि बर्फाच्या नद्या. हिमनदीतून किंवा वितळत्या बर्फातून येणारी नदी दुपारनंतर चढते, कारण वर दिवसभर वितळलेलं पाणी तेव्हा खाली पोचतं. एक वाजता गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलात आणि पाच वाजता परत यायला बघताय तर तिथेच मांडीच्या वर पाणी. वर धरण असेल तरीही तेच, पाणी सोडतात तेव्हा नदी पटकन चढते. यावर सोपा उपाय म्हणजे पोचल्याबरोबर काठावरच्या एका दगडाला पाणी नेमकं कुठे लागतंय ते बघून ठेवायचं किंवा पाण्याच्या रेषेवर काठी खोचायची. रॉड ज्याच्या हातात नाही तो दर काही वेळाने तिकडे बघेल. काठी बुडाली, किंवा पाण्यातून पानं-काटक्या जास्त वाहायला लागल्या, की दोघंही आपल्या काठाला.

पाण्यात उतरायच्या आधी अर्धा तास नुसतं बघा

हे कोणी करत नाही. गाडीतून उतरले की थेट पाण्यात. आणि बऱ्याचदा मासा काठापासून चार-पाच फुटांवरच असतो, तोच आधी पळवून लावतात.

एकाने उंच जागी चढायचं, ऊन पाठीमागे घेऊन पण आपली सावली पाण्यावर पडणार नाही असं. सॅमन नदीत चढताना दमतो, मग तो अशा ठिकाणी थांबतो जिथे पाणी चालण्याच्या वेगाने वाहतं, खोली साधारण तीन ते सहा फूट, आणि लपायला काहीतरी आहे. म्हणजे डोहाचं खालचं टोक, जिथे पाणी परत उथळ व्हायला लागतं. मोठ्या दगडाच्या पुढची आणि मागची जागा. वेगवान धार आणि संथ पाणी यांची जिथे शीव दिसते, फेसाची रेघ असते तिथे, ती रेघ. लांब खळखळीच्या अगदी वरचा पहिला डोह तर हमखास, कारण खळखळ चढून आलेला मासा तिथे श्वास घेतो. एकदम संथ, मागे फिरणारं पाणी सहसा रिकामं (कोहो याला अपवाद, त्यांना अशी आळशी जागा आवडते).

मासा उसळताना दिसेल. हवेत सरळ उंच उडून धप्पकन पडणारा मासा बघायला भारी, पण लागायची शक्यता जास्त असते ती पाठ आणि पर दाखवत गोल फिरून आत जाणाऱ्याची. तो दिसला की वर बसलेल्याने दगडाची खूण सांगायची, "पांढऱ्या दगडाच्या खाली, दोन हात इकडे". असं नेमकं सांगता येणं ही कला आहे आणि तिच्यावरून जोड्या जमतात आणि मोडतातही.

तळाशी गोट्यांमध्ये पायरीएवढा ते टेबलाएवढा एखादा फिकट, स्वच्छ घासलेला पट्टा दिसला तर तिथे अंडी पुरलेली आहेत. त्यावरून चालायचं नाही, आणि तिथे उभ्या असलेल्या माशांवर गळही टाकायचा नाही. हे नियमात असो नसो.

पाण्यात

वेडर (पाण्यात उतरायचा, छातीपर्यंतचा पाणी न शिरणारा पोशाख) घातला असेल तर कमरेचा पट्टा घट्ट, दरवेळी. वेडरमध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो असं म्हणतात, ते खरं नाही, पाण्यातल्या पाण्याला वजन नसतं, पण भरलेल्या वेडरनिशी पोहता येत नाही आणि काठावर चढता तर मुळीच येत नाही. पट्टा पाणी आत जाऊ देत नाही. हातात काठी, एका वेळी एकच पाय हलवायचा, पाय उचलून टाकायचा नाही, तळाशी सरकवत न्यायचा.

ओलांडायचंच असेल तर दोघांनी एकमेकांच्या दंडात हात अडकवून, जो जास्त धिप्पाड तो वरच्या अंगाला (जिकडून पाणी येतं तिकडे), तिरपं खालच्या दिशेने. मांडीच्या वर वेगाचं पाणी असेल तर ओलांडू नका, पलीकडे मासे जास्त आहेत हा माणसाचा जुना भ्रम आहे. घसरून पडलात तर उताणं व्हा, पाय खालच्या दिशेला आणि वर, उभं राहायला जाऊ नका कारण पाय दगडात अडकला की संपलं. थंड पाण्यात पहिलं मिनिटभर धाप लागते, तेवढा वेळ नुसतं तरंगायचं, मग काठाकडे. काठावरच्याने मागे उडी मारायची नाही! काठी किंवा दोर पुढे करायचा, खालच्या अंगाला पळत जाऊन.

टाकणं

डोहाच्या वरच्या टोकापासून सुरू करा. आडवं आणि जरा खालच्या दिशेला टाका, आमिष बुडू द्या, मग दोरी ताणून धरा आणि प्रवाहालाच ते चापासारखं काठाकडे आणू द्या. रील फिरवायचं ते फक्त इतकं की पातं फिरत राहील, रॉडच्या टोकाला थडथड जाणवत राहील. तळाला अधूनमधून टक् लागलं पाहिजे. कधीच लागत नसेल तर तुम्ही माशांच्या डोक्यावरून जाताय, दरवेळी अडकत असेल तर जरा हलकं लावा. आमिष सरळ खाली येऊन थांबलं की दोन क्षण तसंच लोंबू द्या, कितीतरी मासे नेमके तेव्हा घेतात. मग दोन पावलं खाली, परत टाकणं. असं करत पूर्ण डोह उतरायचा आणि मग अदलाबदल.

सोबत्याने उभं राहायचं ते रॉडच्या हाताच्या उलट बाजूला आणि निदान दोन रॉडच्या लांबीइतक्या अंतरावर. टाकणाऱ्याने प्रत्येक वेळी मागे बघायचं. दुसरं कोणी आधीच डोहात असेल तर त्यांच्या वरच्या बाजूने, बरंच अंतर ठेवून, त्यांच्या मागोमाग उतरायचं, त्यांच्या खाली जाऊन उभं राहणं म्हणजे भांडण मागून घेणं.

एक घाणेरडा प्रकार दिसेल: मासे दाटीने आहेत म्हणून जड गळ त्यांच्यातून खेचून पाठीत, पोटात अडकवायचा. अलास्कात गोड्या पाण्यात हे बेकायदेशीर आहे, इतरही बहुतेक ठिकाणी आहे. चुकून बाहेरून अडकला तर तो मासा धरलेला नाहीच समजायचं, सोडायचा.

लागला!

स्पिनरवर झटका जाणवला की रॉड ठाम उचलायचा, बस. फ्लायवर मात्र घाई करायची नाही, सॅमन ती तोंडात घेऊन वळला की गळ तोंडाच्या कोपऱ्यात बसतो, म्हणून ब्रिटनमधले जुने लोक नवख्याला रॉड उचलायच्या आधी "गॉड सेव्ह द किंग" म्हणायला लावतात. राजाशी देणंघेणं नाही, तेवढे दोन सेकंद जावेत म्हणून.

आता सोबत्याने ओरडून आजूबाजूच्यांना सांगायचं, म्हणजे ते आपापल्या दोऱ्या आत घेतील. मासा पळाला तर पळू द्या, रीलला हात लावू नका, ब्रेक आपलं काम करतो. थांबला की रॉड बाजूला आडवा ओढून त्याचा तोल मोडायचा. उडी मारली की रॉडचं टोक त्याच्याकडे झुकवायचं, दोरी क्षणभर सैल, नाहीतर तो ताणलेल्या दोरीवर पडतो आणि तुटते. आणि शक्य तितकं माशाच्या खालच्या अंगाला जाऊन उभं राहा, मग त्याला तुमच्याशी आणि प्रवाहाशी दोन्हींशी झगडावं लागतं. तो तुमच्या खाली शंभर फूट गेला तर तुम्हीच प्रवाहाशी झगडताय. चालताना पायाखाली बघायला तुम्हाला उसंत नसते, "डावीकडे खड्डा" हे सोबत्यानेच सांगायचं.

ब्रिटनमध्ये रॉडने धरलेला सगळ्यात मोठा सॅमन ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोचा. ७ ऑक्टोबर १९२२च्या संध्याकाळी स्कॉटलंडच्या टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी तो लावला, बोटीत सोबतीला वडील होते, दोन तासांहून जास्त वेळ लागला आणि काठाला आणेपर्यंत अंधार पडला होता. अजून तो विक्रम मोडलेला नाही. एकट्याने हे झालं असतं का? मला नाही वाटत.

मासा दमला याची खूण म्हणजे तो कुशीवर कलतो. जाळी धरणाऱ्याने माशाच्या मागे धावायचं नाही, जाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरायची आणि रॉडवाल्याने मासा डोक्याकडून तिच्यावर आणायचा. तो आत आल्यावर जाळी वर उचलायची. बहुतेक मासे सुटतात ते इथेच, काठापासून पाच फुटांवर, कारण जाळी पाहून मासा शेवटची एक धाव घेतो आणि ब्रेक कोणीतरी उत्साहात घट्ट केलेला असतो.

सोडायचा की ठेवायचा

सोडायचा असेल तर मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. जाळीत, पाण्यात ठेवूनच गळ काढा. हात ओले, कल्ल्यात बोट नाही, गोट्यांवर ओढणं नाही. फोटो हवाच तर सोबत्याने फोन तयार ठेवायचा, एका हाताने शेपटीचं मनगट आणि दुसरा हात छातीखाली, दोन सेकंद वर, परत खाली. मग तोंड जिकडून पाणी येतं तिकडे करून धरा, ढकलू नका, मागेपुढे हलवू नका, तो स्वतः शेपटी मारून हातातून जातो.

ठेवायचा ठरवलात तर आधी जात, आधी पर, आधी लांबी, हे सगळं तपासून. मग डोक्यावर डोळ्यांच्या जरा मागे लाकडी दांडक्याने एक-दोन ठाम फटके, तळमळत ठेवणं क्रूर आहे आणि मांसही खराब होतं. लगेच कल्ले कापून पाण्यात रक्त जाऊ द्या, कार्डावर नोंद, पोट साफ, बर्फात. अंग काळपट-लालसर झालेला, जबडा आकड्यासारखा वळलेला नर दिसायला कितीही राजबिंडा असला तरी त्याचं मांस पांढरट आणि पिचपिचीत झालेलं असतं, असा ठेवण्यात अर्थ नाही.

कच्चा खायचा विचार असेल तर जंगली सॅमनमध्ये परजीवी अळ्या असतात, उणे २० अंशांवर सात दिवस गोठवल्याशिवाय नको, साध्या घरगुती फ्रीजरचा भरवसा धरू नका. शिजवताना आत ६३ अंश. आणि सोबत कुत्रा असेल, विशेषतः अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडे, तर त्याला कच्चा सॅमन, डोकं, आतडी, काहीही चाटू देऊ नका, त्यातल्या परजीवीतून कुत्र्यांना जीवघेणा आजार होतो, माणसाला होत नाही म्हणून लोक गाफील राहतात.

निघताना

अंधार पडायच्या अर्धा तास आधी काठावर यायचं ठरवून टाका आणि घड्याळ ज्याच्या हातात रॉड नाही त्याच्याकडे, कारण "शेवटचं एकदा टाकतो" हे वाक्य कोणीही एकदाच म्हणत नाही. तुटलेल्या दोरीचे तुकडे खिशात, पक्ष्यांच्या पायात अडकतात. बूट, वेडर, जाळी चिखल काढून धुवा आणि दुसऱ्या नदीवर नेण्याआधी खडखडीत वाळवा. नॉर्वेत जायरोडॅक्टिलस नावाच्या इवल्याशा परजीवीने नद्याच्या नद्या सॅमनविना केल्या, म्हणून तिथे सामान निर्जंतुक करून घ्यावं लागतं. न्यूझीलंडमध्ये शेवाळ पसरू नये म्हणून नमद्याचे तळवे असलेल्या बुटांवर २००८ साली बंदीच घातली, नमदा आतून लवकर वाळत नाही. पुढच्याच दिवशी दुसऱ्या नदीवर जायचं असेल आणि सामान ओलं असेल तर दुसऱ्याचं मागून घ्या, किंवा त्याच नदीवर परत जा.